विचित्र ग्रहच का सापडतात?

बडोद्याची मराठी मंडळी माउंट आबूला गेली की गुरुशिखरावर दत्तगुरूंच्या पादुकांचं दर्शन घेतल्याशिवाय परतत नाहीत. पायऱ्या चढायच्या, वरची मोठी घंटा वाजवायची, फोटो काढायचे आणि खाली येऊन चहा-भजी. शेजारीच घुमट दिसतात. ते हवामान खात्याचं काहीतरी असावं अशी समजूत करून घेऊन बहुतेक जण पुढे जातात. ती अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीची, म्हणजे पीआरएलची वेधशाळा. तिथल्या १.२ मीटर व्यासाच्या दुर्बिणीला जोडलेल्या ‘पारस’ नावाच्या वर्णपटमापकाने, म्हणजे प्रकाश रंगांत फोडून मोजणाऱ्या उपकरणाने, सुमारे ६०० प्रकाशवर्षांवरचा एक ग्रह तोलल्याचं २०१८ मध्ये जाहीर झालं. त्याची सावली केप्लर अवकाश दुर्बिणीने आधी टिपली होती, पण ती ग्रहाचीच आहे आणि त्याचं वजन किती, हे आबूवर ठरलं. पृथ्वीच्या सुमारे २७ पट जड, सहापट रुंद, वर्ष साडेएकोणीस दिवसांचं, तापमान ६०० अंश सेल्सियसच्या आसपास.

पुढे २०२३ मध्ये याच डोंगरावरून गुरूएवढ्या आकाराचा पण त्याच्या जवळजवळ १३ पट जड ग्रह सापडला. तो ताऱ्याभोवती सात दिवसांत फिरतो. २०२४ मध्ये नव्या अडीच मीटरच्या दुर्बिणीतून आणखी एक सापडला, पृथ्वीच्या ६० पट जड आणि पाच दिवसांचं वर्ष असलेला. तिन्ही ग्रह बिऱ्हाड करण्याच्या कामाचे नाहीत.

परग्रहांच्या बातम्या वाचणाऱ्याला हे नेहमीचंच आहे. कुठे लोखंडाचा पाऊस, कुठे काचेचा, कुठे दोन सूर्य, कुठे लाव्ह्याचा समुद्र. वाचता वाचता वाटायला लागतं की विश्व म्हणजे नुसता चमत्कारांचा बाजार आहे आणि आपली पृथ्वीच काय ती साधीसुधी. मला हे पटत नाही. विचित्र ग्रह जास्त सापडतात याचं मोठं कारण ते शोधायला सोपे असतात हे आहे. आणि हीच गोष्ट परग्रहावरच्या जीवसृष्टीलाही लागू पडते. तिकडे मात्र आपण ती सोयीस्करपणे विसरतो.

ग्रह शोधायचा म्हणजे नेमकं काय करायचं? उत्तरायणाच्या रात्री रावपुरा-दांडिया बाजारातल्या गच्च्यांवरून सोडलेली तुक्कल ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही रीत लगेच कळेल. अंधारात पतंग दिसत नाही. दिसतो तो मांज्याला बांधलेल्या कंदिलाचा उजळ ठिपका. तो मध्येच झोल खातो, वर खेचला जातो आणि आपण म्हणतो, पतंगाला वारा लागला. तारा म्हणजे तो कंदील आणि ग्रह म्हणजे न दिसणारा पतंग. ग्रह ताऱ्याभोवती फिरताना ताऱ्यालाही थोडं थोडं हलवतो. तारा आपल्याकडे सरकला की त्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेषा निळ्या टोकाकडे ढळतात, दूर गेला की तांबड्याकडे. ‘पारस’ हेच ढळणं मोजतं.

ढळणं केवढं, ते आपल्या घरच्याच उदाहरणावरून पाहा. गुरू सूर्याला सेकंदाला साधारण साडेबारा मीटर वेगाने डोलवतो आणि एक डोलणं पुरं व्हायला बारा वर्षं लागतात. पृथ्वी सूर्याला हलवते सेकंदाला फक्त ९ सेंटीमीटर. सूर्याच्या पृष्ठभागावरचा वायू स्वतःच सेकंदाला शेकडो मीटर वेगाने वरखाली उकळत असतो. त्या खळबळीत हे ९ सेंटीमीटर ओळखायचे. याउलट गुरूसारखा जड ग्रह ताऱ्याला अगदी चिकटून फिरत असेल, तर तो ताऱ्याला सेकंदाला पन्नास-शंभर मीटरने हलवतो आणि चार रात्रींत फेरी पुरी करतो. मग कोण आधी सापडणार?

१९५२ मध्ये ओटो स्ट्रूव्ह या खगोलशास्त्रज्ञाने लिहून ठेवलं होतं की मोठा ग्रह ताऱ्याच्या अगदी जवळ असू शकत नाही असं मानण्याचं काही कारण नाही आणि तसा असला तर तो आताच्या उपकरणांनीही सापडेल. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. आपल्या घरी मोठे ग्रह लांब आहेत, म्हणजे सगळीकडेच लांब असणार, ही ठाम समजूत. कॅनडातल्या एका गटाने २१ ताऱ्यांवर बारा वर्षं नजर ठेवली. हाती पक्कं काही लागलं नाही. १९९५ मध्ये मिशेल मायोर आणि दिदिए केलो यांनी फ्रान्समधल्या ओत-प्रोव्हान्स वेधशाळेतून ५१ पेगॅसी या ताऱ्याचं डोलणं पकडलं: गुरूच्या निम्म्या वजनाचा ग्रह, वर्ष ४.२ दिवसांचं. २०१९ चं नोबेल त्यासाठी मिळालं.

त्यानंतर अशा ‘तप्त गुरूं’ची रांगच लागली. पण सूर्यासारख्या शंभर ताऱ्यांत असा ग्रह जेमतेम एखाद्याकडे असतो. कॅनडाच्या गटाला तो न मिळणं अगदी साहजिक होतं. सुरुवातीच्या याद्या पाहिल्या तर मात्र जगात दुसरं काही नाहीच असं वाटावं.

दुसरी रीत सावलीची. ६ जून २०१२ च्या सकाळी सूर्यावरून शुक्राचा काळा ठिपका सरकताना आपल्यापैकी अनेकांनी काळ्या चष्म्यातून पाहिला. दुसऱ्या ताऱ्यापुढून ग्रह गेला की ठिपका दिसत नाही, पण ताऱ्याचा उजेड किंचित घटतो. गुरूएवढा ग्रह सूर्याचा एक टक्का उजेड अडवतो, पृथ्वी ०.००८ टक्के. शिवाय ग्रहाची कक्षा आपल्या नजरेच्या रेषेत हवी. पृथ्वीसारख्या कक्षेसाठी तशी शक्यता दोनशेत एक, ताऱ्याला चिकटलेल्या ग्रहासाठी दहात एक. केप्लरने सुमारे दीड लाख ताऱ्यांकडे चार वर्षं टक लावून पाहिलं, तेव्हा कुठे खरं चित्र दिसायला लागलं. सगळ्यांत जास्त आढळणारे ग्रह पृथ्वीहून मोठे आणि नेपच्यूनहून लहान आहेत. आपल्या सूर्यमालेत नेमका तसा एकही नाही. म्हणजे विचित्र कोण, हा प्रश्न उलटाही विचारता येतो. आजवर सापडलेले परग्रह सहा हजारांवर गेलेत.

आता त्या चमत्कारांकडे जरा जवळून बघू, कारण बातमीत ग्रह येतो पण तो कसा कळला ते येत नाही, आणि खरी मजा तिथेच आहे. एचडी १८९७३३ बी हा ६४ प्रकाशवर्षांवरचा ग्रह गडद निळा आहे. ज्या ग्रहाचा वेगळा ठिपकासुद्धा दिसत नाही, त्याचा रंग कसा कळला? ग्रह ताऱ्यामागे जाण्याआधी दुर्बिणीत तारा आणि ग्रह यांचा मिळून प्रकाश येतो. मागे गेला की फक्त ताऱ्याचा. हबल दुर्बिणीने दोन्ही वेळचा प्रकाश रंगवार मोजला आणि एकातून दुसरा वजा केला. ग्रह लपल्यावर निळा उजेड घटला, हिरव्यात तेवढा फरक पडला नाही. म्हणजे ग्रह परत धाडत होता तो निळा. २०१३ मधली ही वजाबाकी मला त्या ग्रहाहूनही सुंदर वाटते.

हा निळेपणा समुद्राचा नव्हे. तिथे तापमान हजार अंशांच्या घरात आणि वारे सेकंदाला दोन किलोमीटर वेगाचे. वातावरणात सिलिकेटचे, म्हणजे काच-वाळूच्या जातीचे बारीक कण तरंगत असावेत आणि त्यांच्यामुळे निळा प्रकाश विखुरत असावा, असं अनुमान आहे. त्यावरून मथळा निघाला: काचेचा आडवा पाऊस! पाऊस कुणी पाहिलेला नाही. वॅस्प-७६ बी वरच्या लोखंडी पावसाचंही तसंच. त्या ग्रहाची एक बाजू कायम ताऱ्याकडे, तापमान २४०० अंश. संध्याकाळच्या कडेला लोखंडाची वाफ दिसली, सकाळच्या कडेला दिसली नाही. म्हणजे रात्रीच्या बाजूला ती थेंब बनून खाली पडली असणार, असं २०२० मध्ये मांडलं गेलं. नंतर इतरांनी ढग आणि तापमानातला फरक यांनीही तोच परिणाम साधता येतो असं दाखवलं. मथळे मात्र पावसातच भिजत राहिले.

कर्क राशीतल्या ५५ कॅन्क्री ई ची गोष्ट तर सुरतच्या हिरेबाजाराने ऐकावी अशी. वर्ष १८ तासांहून कमी, अंतर ४१ प्रकाशवर्षं. २०१२ मध्ये निक्कू मधुसूदन आणि सहकाऱ्यांनी सुचवलं की तिथे कार्बन भरपूर असेल तर पोटात हिऱ्याचा थर असू शकेल. जगभर ‘हिऱ्यांचा ग्रह’ गाजला. पुढे ताऱ्यातलं कार्बनचं प्रमाण फेरमोजणीत कमी भरलं आणि हिऱ्यांचा भाव उतरला. २०२४ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीला तिथे वितळलेल्या खडकातून निघालेल्या वायूंचं वातावरण असावं अशी चिन्हं दिसली. सुरतेवरून आठवलं: २०१९ मध्ये भारताच्या वाट्याला एका ताऱ्याचं आणि त्याच्या ग्रहाचं नाव ठेवण्याची संधी आली. ताऱ्याला भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरींच्या स्मरणार्थ ‘बिभा’ हे नाव सुचवणारा विद्यार्थी सुरतचा होता, ग्रहाला ‘संतमस’ सुचवणारा शाळकरी मुलगा पुण्याचा. तोही तप्त गुरूच, वर्ष दोन दिवसांहून थोडं जास्त.

जीवसृष्टीसाठी सध्या ज्यांच्यावर सगळ्यांचे डोळे आहेत ते ग्रह लहान, थंड, तांबड्या ताऱ्यांभोवतीचे. आकाशगंगेतले सुमारे तीन चतुर्थांश तारे या जातीचे आहेत, तरी नुसत्या डोळ्यांनी त्यातला एकही दिसत नाही. तारा छोटा, म्हणून ग्रहाची सावली ठळक. तारा मंद, म्हणून पाणी द्रव राहील असा पट्टा ताऱ्याजवळ आणि वर्ष काही दिवसांचं. पुन्हा सोय! कुंभ राशीतल्या ट्रॅपिस्ट-१ ला असे सात खडकाळ ग्रह असल्याचं २०१७ मध्ये कळलं. अंतर ४० प्रकाशवर्षं. सातही ग्रह इतक्या दाटीवाटीने फिरतात की एकावरून शेजारचा ग्रह आपल्या चंद्राहून मोठा दिसावा.

तिथल्या दिवसाची कल्पना करायला हरकत नाही. ग्रहाची एकच बाजू ताऱ्याकडे असण्याची दाट शक्यता. म्हणजे सूर्य एका जागी खिळलेला. तो उगवत नाही, मावळत नाही. एका गोलार्धावर कायम दुपार, दुसऱ्यावर कायम रात्र आणि मध्ये न संपणाऱ्या संध्याकाळचा कडेचा पट्टा. आमच्याकडे संकष्टीला चंद्रोदय किती वाजता हे बघायला कालनिर्णय लागतं. तिथे ताऱ्याच्या इतक्या जवळ ग्रहाला चंद्र टिकणंही कठीण, तेव्हा उपास सुटायचा कधी? झाडं असलीच तर तांबड्या मंद उजेडातला कणन् कण शोषायला ती काळपट असतील, असा एक तर्क आहे. मला तो आवडतो, पण अडचण वेगळीच आहे. हे तारे तरुणपणी भयंकर तापट असतात, त्यांच्या ज्वाळा जवळच्या ग्रहाचं वातावरण ओरबाडून नेऊ शकतात. जेम्स वेबने ट्रॅपिस्टचे आतले दोन ग्रह तपासले. पहिल्यावर वातावरणाचा मागमूस नाही, दुसऱ्यावर शुक्रासारखं दाट कार्बन डायऑक्साइडचं आवरण नाही. बाहेरच्या ग्रहांबद्दल आशा धरायला जागा आहे.

समजा वातावरण सापडलं. त्यात जीव आहे हे कसं ओळखायचं? याची रंगीत तालीम एकदा झाली आहे, पृथ्वीवरच. डिसेंबर १९९० मध्ये गुरूकडे निघालेलं गॅलिलिओ यान वेग वाढवायला पृथ्वीजवळून गेलं. कार्ल सेगन आणि सहकाऱ्यांनी त्याची उपकरणं पृथ्वीकडे वळवून विचारलं: आपल्याला काहीच ठाऊक नाही असं धरलं तर इथे जीव आहेत हे सिद्ध होतं का? भरपूर ऑक्सिजन आणि त्याच्यासोबत मिथेन दिसला. हे दोन्ही वायू एकमेकांना संपवतात, तेव्हा कुणीतरी ते सतत बनवत असणार. जमिनीवर तांबडा प्रकाश गिळणारं कसलं तरी रंगद्रव्य दिसलं. बुद्धिमान प्राण्यांचा पुरावा मात्र एकच, रेडिओ लहरींचा.

पण यातही जाळ्याच्या भोकांचा प्रश्न येतो. शोधायची प्रत्येक रीत हे एक जाळंच, आणि जे त्याच्या भोकांतून निसटतं ते आपल्या लेखी नसतंच. पृथ्वीवर जीव निदान ३५० कोटी वर्षांपासून आहेत. हवेत ऑक्सिजन साठू लागला तो सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे शंभर कोटींहून अधिक वर्षं इथे जिवंत सृष्टी होती आणि ऑक्सिजन शोधणाऱ्या परग्रहवासीयाने पृथ्वीवर ‘निर्जीव’ असा शिक्का मारला असता. रंगाचंही तसंच. जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं ते आठवतं? खाऱ्या पाण्यात फोफावणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव त्याला कारण होते. मिठागरात पाणी आटत आलं की असाच गुलाबी रंग चढतो. या जातीच्या जीवांकडे रेटिनल हे रंगद्रव्य असतं, ते प्रकाशातून ऊर्जा घेतं, पण क्लोरोफिलच्या उलट: हिरवा प्रकाश गिळतं आणि तांबडा-निळा परत टाकतं. शिलादित्य दाससरमा आणि एडवर्ड श्वीटरमन यांनी २०१८ मध्ये मांडलं की क्लोरोफिलच्या आधी पृथ्वीवर असल्या जीवांचं राज्य असावं आणि तेव्हा पृथ्वी जांभळी दिसत असावी. हा अंदाज आहे, पण त्यातला इशारा खरा. आपण हिरवळ शोधत बसू आणि समोरची जांभळी सृष्टी नजरेतून सुटेल.

सध्याचा सगळ्यांत गाजलेला दावा सिंह राशीतल्या के२-१८ बी चा. पृथ्वीच्या साडेआठपट जड, वर्ष ३३ दिवसांचं, अंतर १२४ प्रकाशवर्षं. जेम्स वेबला जो प्रकाश मिळाला तो तिथून निघाला तेव्हा बडोद्यात सयाजीराव महाराज राज्य करत होते आणि अरविंद घोष बडोदा कॉलेजात शिकवत होते. २०२३ मध्ये तिथे मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड सापडले. एप्रिल २०२५ मध्ये केंब्रिजच्या मधुसूदन यांच्याच गटाने डायमिथाइल सल्फाइडची चिन्हं जाहीर केली. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातले सूक्ष्म वनस्पतिप्लवक बनवतात. म्हणून एकच गलका झाला. आकड्यांत सांगायचं तर खूण योगायोगाने दिसण्याची शक्यता ०.३ टक्के, विज्ञानात शोध म्हणायला याहून पुष्कळ कडक कसोटी लागते. दुसऱ्या गटांनी तीच निरीक्षणं वेगळ्या रीतीने तपासली तेव्हा खूण विरघळली. शिवाय हाच वायू ६७पी या धूमकेतूवरही आढळला आहे आणि धूमकेतूवर प्लवक नाहीत. माझं मत विचाराल तर तिथे समुद्र आहे हेच अजून ठरायचंय. लाटांवर काय तरंगतं ते नंतर बघू.

आणि सगळ्यांत मोठं भोक तर वेगळंच आहे. शनीचा एन्सेलाडस हा चंद्र जेमतेम ५०० किलोमीटर रुंद. कॅसिनी यानाला २००५ मध्ये त्याच्या दक्षिण ध्रुवाशी बर्फातून उडणारे फवारे दिसले. खाली समुद्र आहे, क्षार आहेत, हायड्रोजन आहे आणि २०२३ मध्ये फॉस्फेटही सापडलं. हे सगळं सूर्यप्रकाशाच्या जिवावर नाही, तळातल्या खडकाच्या उष्णतेवर. ऊन लागत नाही म्हटल्यावर ताऱ्यापासून अंतराचा तो ‘योग्य पट्टा’ही लागत नाही. असे बर्फाखालचे समुद्र आपल्या एका सूर्यमालेतच अनेक आहेत. विश्वात ते किती असतील? कदाचित जीवसृष्टीचा मोठा भाग अशाच अंधाऱ्या पाण्यात असेल. पण दुसऱ्या ताऱ्याच्या चंद्रावर, कित्येक किलोमीटर बर्फाखाली पोहणारं काहीही आपल्या कुठल्याच दुर्बिणीला दिसणार नाही. ना डोलणं, ना सावली, ना वायू. त्याचा माग फक्त घरच्या अंगणातच काढता येईल, आणि त्याची पहिली पायरी म्हणून, गुरूच्या युरोपा या बर्फाळ चंद्रावर जीव जगू शकेल का हे पाहायला युरोपा क्लिपर यान ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालं आहे. २०३० मध्ये ते गुरूपाशी पोचेल.

शनीच्याच टायटन या चंद्रावर ह्युजेन्स यान उतरलं ती तारीख १४ जानेवारी २००५. त्या दिवशी आमच्या गच्च्यांवर तिळगूळ, उंधियू आणि ‘लपेट लपेट’ चालू होतं आणि तिकडे उणे १७९ अंशांत, पाण्याऐवजी मिथेनचा पाऊस पडणाऱ्या जमिनीवर माणसाचं यंत्र टेकलं. मिथेनच्या तळ्यात कसला जीव जगेल हे कुणालाच ठरवता आलेलं नाही, कारण आपल्याकडे नमुना एकच.

आता उलटी बाजू. आपल्याला दुसऱ्या कुणी सावलीवरून शोधायचं, तर तो पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीत हवा. आकाशात ही पातळी म्हणजे आपलं राशिचक्रच, त्यातलाही एक अगदी अरुंद पट्टा. लिसा काल्टेनेगर आणि जॅकी फॅहर्टी यांनी २०२१ मध्ये हिशेब मांडला: ३२६ प्रकाशवर्षांच्या आत १७१५ तारे असे आहेत की जिथून गेल्या पाच हजार वर्षांत कधी ना कधी पृथ्वी सूर्यावरून सरकताना दिसली असती. वर्षातून एकदा, जास्तीत जास्त १३ तास, उजेडात ०.००८ टक्के घट. तारे सरकतात तसे या पट्ट्यात येतात आणि जातात. मेष राशीतला टीगार्डनचा तारा, साडेबारा प्रकाशवर्षांवरचा आणि पदरी ग्रह असलेला, २०५० च्या सुमारास पट्ट्यात शिरेल. ट्रॅपिस्ट-१ ला अजून सोळाशे वर्षं आहेत. तोवर तिथल्या कुणी डोलण्यावरून सूर्याची मोजणी केली, तर त्यांना आधी सापडेल तो गुरूच.